येशूला मानायचे, तर इस्राएलच्या राजांचा इतिहास कशाला?

आपण जे विचारले आहे ते थोडक्यात असे. मंडळीतल्या संडे स्कूलचा मोठ्या मुलांचा वर्ग नुकताच आपल्याकडे आला आहे. तयारी म्हणून आपण पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून वाचायला तीनदा घेतले आणि तिन्ही वेळा लेवीय या तिसऱ्या पुस्तकापाशी अडकलात. त्यातच मागच्या रविवारी नववीतल्या एका मुलाने सगळ्यांसमोर विचारले की, आपण येशूला मानतो, तर परक्या देशातल्या या राजांची नावे आपण का लक्षात ठेवायची, आणि हे सगळे खरोखर घडले तरी होते का? आपण त्याला "पुढच्या रविवारी सांगतो" म्हणालात, आणि तो रविवार आता जवळ आला आहे.

मी गेली बावीस वर्षे मराठीतून जुना करार शिकवत आले आहे. दिवसा सेमिनरीच्या विद्यार्थ्यांना शिकवते आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी नोकरी-धंदा सांभाळून येणाऱ्या प्रचारकांना आणि संडे स्कूलच्या शिक्षकांना. त्या मुलाच्या बोलण्यात दोन प्रश्न आहेत आणि आपल्या अडकण्यात तिसरा. हा इतिहास का, हा पहिला. तो खरा का, हा दुसरा. आणि तो कुठून वाचायला घ्यायचा, हा तिसरा. माझा अनुभव असा की तिसऱ्याचे उत्तर आधी मिळाले, तर पहिला प्रश्न निम्मा सुटतो. म्हणून मी तिसऱ्यापासून सुरू करते.

लेवीयात अडकणे हा आपला आळस नव्हे. उत्पत्ती ही कथा आहे, निर्गमचा पूर्वार्धही कथाच आहे; पण निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची मापे, पडदे, फळ्या आणि कड्या सुरू होतात, आणि लेवीय हे तर मुख्यतः याजकांनी हाताशी ठेवायचे विधींचे पुस्तक आहे. पूजाविधीची पोथी कोणी कादंबरीसारखी सलग वाचायला घेत नाही, आणि घेतलीच तर पंधराव्या पानावर डुलकी लागते. सुरुवातीची काही वर्षे मीही उत्पत्तीपासूनच शिकवत असे. जूनमध्ये बाग आणि जलप्रलय झाला की दिवाळीपर्यंत आम्ही कसेबसे यहोशवाला पोचत असू, नाताळानंतर वर्ग निम्मा होई, आणि ज्या घटनेवाचून बाकीच्या घटनांचा अर्थ लागत नाही ती घटना वर्ष संपले तरी येतच नसे. ती घटना म्हणजे यरुशलेमचा पाडाव. आता मी पहिल्या संध्याकाळी थेट तिथूनच सुरू करते, आणि आपणही तसेच करावे असे मला वाटते.

दुसऱ्या राजांच्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय उघडा. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमला वेढा दिला आणि तो सुमारे दीड वर्ष चालला. शहरात अन्न उरले नाही, तट फुटला, राजा सिद्कीया रात्री पळाला आणि यरीहोच्या मैदानात सापडला. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांना मारण्यात आले, मग त्याचे डोळे काढले, आणि त्याला बेड्या घालून बाबेलला नेले. मंदिर जाळले गेले. त्याच्या दाराशी असलेले पितळी खांब फोडून ते पितळही नेले गेले. हे वर्ष इ.स.पू. ५८६. काही अभ्यासक ५८७ धरतात, त्याने आपल्या वर्गात काही बिघडत नाही.

त्या एका उन्हाळ्यात तीन गोष्टी गेल्या: देश, राजगादी आणि मंदिर. या तिन्हींविषयी त्या लोकांकडे देवाची वचने होती. देशाचे वचन अब्राहामाला दिलेले, आणि गादीचे वचन दाविदाला दिलेले. दुसरे शमुवेल, सातवा अध्याय पाहा, तुझे राजासन सर्वकाळ टिकेल असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. मग गादी पालथी पडली, ती कशी? त्या काळी एखादे शहर पडले की त्याचा देव हरला असेच आसपासचे लोक समजत. यहूदाच्या, म्हणजे यरुशलेमभोवतीच्या दक्षिणेकडच्या राज्याच्या, लोकांनीही तसे समजून बाबेलच्या देवांपुढे डोके टेकवले असते, तर तो इतिहास तिथेच संपला असता आणि आपल्याला त्याची नावे पाठ करण्याची वेळ आली नसती. त्यांच्या संदेष्ट्यांनी मात्र वेगळे सांगितले: आपला देव हरलेला नाही, त्यानेच आपल्याला शत्रूच्या हाती दिले आहे, कारण करार आपण मोडला. राजांची दोन्ही पुस्तके या दृष्टीने लिहिलेली आहेत. त्यांतली शेवटची घटना इ.स.पू. ५६१ च्या सुमाराची आहे, म्हणजे ती पूर्ण झाली ती पाडावानंतर, सारे गमावल्यावर. आपल्याच राजांचे दोष इतक्या परखडपणे नोंदवणारा इतिहास त्या काळच्या शेजारी राष्ट्रांत सहसा आढळत नाही. तिथल्या राजांच्या कोरीव लेखांत पराभव नसतोच.

आता तिथून सरळ मत्तयाच्या पहिल्या अध्यायावर या. नव्या कराराचे पहिलेच पान, आणि त्यावर नावांची ती रांग, जी आपण सगळे लहानपणी डोळे मिटून ओलांडतो. सतराव्या वचनात मत्तय तिची फोड करून देतो: अब्राहामापासून दाविदापर्यंत चौदा पिढ्या, दाविदापासून बाबेलच्या देशांतरापर्यंत, म्हणजे पाडावात लोक बाबेलला नेले गेले तिथपर्यंत, चौदा, आणि तिथून ख्रिस्तापर्यंत चौदा. मोशे नाही, निर्गम म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामगिरीतून सुटका नाही, सीनाय डोंगरावरचे नियमशास्त्र नाही. येशूच्या आधीच्या सगळ्या इतिहासाला मत्तय तीनच सांधे दाखवतो, आणि त्यांतला एक मोठा सांधा पाडावाचा आहे. मी विद्यार्थ्यांना ही नावे राजांच्या पुस्तकाशी ताडून बघायला लावते. योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे मत्तयाने गाळलेले आहेत, आणि तिसऱ्या गटातली नवी नावे मोजली तर तेराच भरतात. दरवर्षी कोणीतरी धसका घेतल्यासारखे विचारते, "म्हणजे मत्तय चुकला का?" मत्तयाला जन्मदाखला लिहायचा नव्हता. हिब्रू भाषेत अक्षरांना अंकमूल्ये असतात आणि दावीद हे नाव तीन अक्षरांत लिहितात: चार, सहा, चार. बेरीज चौदा. त्याला चौदा हा आकडा का हवा असावा, हे एवढ्यावरून बहुतेक अभ्यासक ओळखतात. मोडलेल्या दाविदाच्या गादीवर कोण बसणार, हा प्रश्न पाडावापासून लोंबकळत होता; मत्तय पहिल्याच पानावर त्याचे उत्तर देतो आहे. प्रश्नच ठाऊक नसेल, तर उत्तर नुसती नावांची यादी वाटणार, यात नवल नाही.

त्याच यादीतले एक नाव थोडे जवळून दाखवण्यासारखे आहे. सांध्यावर मत्तय यखन्या हे नाव देतो. राजांच्या पुस्तकात त्यालाच यहोयाखीन म्हटले आहे. अठरा वर्षांचा असताना तो गादीवर आला, तीन महिने राहिला, आणि इ.स.पू. ५९७ मध्ये, म्हणजे अखेरच्या पाडावाच्या अकरा वर्षे आधी, आई आणि दरबारासकट बाबेलला नेला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन पुरातत्त्वज्ञांनी बाबेलचे उत्खनन केले, तेव्हा राजवाड्याच्या परिसरात मातीच्या काही पाट्या मिळाल्या. कोठारातून कोणाला किती तेल दिले याच्या त्या कोरड्या सरकारी नोंदी आहेत, आपल्याकडच्या शिधावाटपाच्या वहीसारख्या. त्यांत यहूदाचा राजा म्हणून यहोयाखीनाचे नाव आहे, आणि त्याच्या पाच मुलांच्या वाट्याचे तेलही. नोंद करणाऱ्या त्या कारकुनाला शास्त्रातल्या कोणत्याही वचनाशी देणेघेणे नव्हते. त्याला फक्त तेलाचा हिशेब जुळवायचा होता. राजांचे पुस्तक याच माणसाच्या बातमीवर संपते: सदतीस वर्षांनी त्याला कैदेतून बाहेर काढले आणि रोजचे अन्न राजाच्या पंगतीतून दिले. त्याचा नातू जरूब्बाबेल पुढे परतलेल्या लोकांचा पुढारी झाला, आणि मत्तयाच्या यादीत तोही आहे. त्या नववीतल्या मुलाला राजांची नावे पाठ करायला सांगू नका. या एका राजाची गोष्ट सांगा.

ख्रिस्त हा शब्दही इथेच उलगडतो. येशू ख्रिस्त असे एका दमात म्हणताना आपल्याला ते नाव-आडनाव वाटू लागते. हिब्रूतला मशीहा आणि ग्रीकमधला ख्रिस्तोस, दोन्हींचा अर्थ अभिषिक्त, म्हणजे ज्याच्या डोक्यावर तेल ओतून त्याला नेमले आहे असा. शौलाचा अभिषेक झाला, दाविदाचा झाला, महायाजकांचाही होत असे. गादीवर राजा असेपर्यंत हा शब्द चालू वर्तमानातला होता. गादी गेल्यावर तो हळूहळू भविष्यातला झाला, आणि त्याच्याभोवती आशा जमा होत गेली. या आशेला एकच ठरावीक रूप नव्हते, हेही मुलांना सांगावे. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात ज्याला देवाचा अभिषिक्त म्हटले आहे, तो दाविदाच्या घराण्यातला नव्हे, यहूदीही नव्हे. तो पारसाचा राजा कोरेश आहे, ज्याने इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल जिंकले आणि कैद करून आणलेल्यांना परत जाऊ दिले. हे वचन वर्गात वाचले की क्षणभर शांतता पसरते, आणि मला ती शांतता आवडते.

पाडावाच्या या खुंटीवरून मागे पाहिले की निर्गमही निराळा दिसतो. बाबेलमध्ये बसलेल्या लोकांना धीर देणारा संदेष्टा नवे काही शोधत नाही. ज्याने समुद्रातून वाट काढली तो पुन्हा रानातून वाट काढील, असे तो म्हणतो; यशयाचा त्रेचाळिसावा अध्याय पाहा. सुटकेची जुनी आठवण नव्या सुटकेची भाषा बनते, आणि हीच भाषा पुढे येशू वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या सुटकेच्या आठवणीच्या सणाच्या, भोजनाला भाकर मोडताना वापरतो. प्रभुभोजनाचा मेज आपण महिन्यातून एकदा मांडतो की दर रविवारी, हे मंडळीमंडळीवर आहे, पण त्या मेजावर जे आहे ते मिसरातून आलेले आहे.

आता दुसरा प्रश्न: हे घडले का? याला एकाच शब्दाचे उत्तर देणाऱ्यावर, मग तो "हो" म्हणणारा असो की "नाही" म्हणणारा, मी फारसा विश्वास ठेवत नाही. हा सुमारे दीड-दोन हजार वर्षांचा पट आहे आणि त्याला सगळीकडे सारखा पुरावा नाही. मी वर्गाच्या भिंतीवर कागदाची एक लांब पट्टी लावते आणि तिला डावीकडून उजवीकडे फिकटापासून गडद होत जाणारा रंग देते. अगदी डावीकडे अब्राहाम, इसहाक आणि याकोब. त्यांचा शास्त्राबाहेर कुठेही उल्लेख मिळालेला नाही. भटक्या मेंढपाळ कुटुंबाची नोंद कोण कोरून ठेवणार? मोशे आणि निर्गम यांविषयीही मिसरच्या लेखांत थेट काही नाही, आणि ही घटना केव्हा, किती लोकांची आणि कोणत्या स्वरूपाची होती याविषयी जाणकारांत खरेखुरे मतभेद आहेत. पहिला ठळक ठिपका इ.स.पू. १२०८ च्या आसपासचा आहे. मिसरचा राजा मेर्नेप्ताह याच्या विजयस्तंभावर कनानमधल्या जिंकलेल्यांच्या यादीत इस्राएल हे नाव आहे, आणि लिपीतल्या खुणेवरून ते एखाद्या शहराचे नसून लोकांचे आहे असे कळते. इस्राएल नष्ट झाला, असे तो राजा तिथे म्हणतो. शास्त्राबाहेरचा इस्राएलचा हा सर्वांत जुना उल्लेख, आणि तो मृत्यूच्या बातमीचा! साधारण त्याच काळात त्या देशाच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात तटबंदी नसलेल्या शेकडो लहान वस्त्या उभ्या राहिल्याचे जमिनीच्या पाहणीतून दिसले आहे.

नंतर रंग गडद होत जातो. १९९३ मध्ये उत्तरेकडच्या तेल दान येथे अरामी भाषेतल्या शिलालेखाचा तुकडा सापडला, इ.स.पू. नवव्या शतकातल्या एका शत्रुराजाने त्यात "दाविदाचे घराणे" असा उल्लेख केला आहे. त्याआधी दावीद ही निव्वळ दंतकथा असावी असे काही विद्वान म्हणत. त्यानंतर तसे म्हणणे अवघड झाले, जरी त्याचे राज्य किती मोठे होते हा वाद अजून मिटलेला नाही. उत्तरेकडच्या इस्राएल राज्याचा राजा अहाब याचे नाव अश्शूर साम्राज्याच्या लेखात इ.स.पू. ८५३ च्या लढाईच्या वर्णनात येते. त्याच राज्याचा पुढचा एक राजा येहू तर अश्शूरच्या राजापुढे जमिनीला कपाळ लावलेला काळ्या दगडात कोरलेलाच आहे.

आणि इ.स.पू. ७०१ पाशी आलो की एकाच घटनेच्या दोन्ही बाजू आपल्या हाती असतात. यहूदाचा राजा हिज्कीया याने अश्शूरला खंडणी देणे थांबवले, म्हणून अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला. सन्हेरीबाच्या मातीच्या लेखात तो फुशारकीने सांगतो की त्याने शेहेचाळीस तटबंदीची नगरे घेतली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे यरुशलेमात कोंडले. खंडणी म्हणून तीस किक्कार (त्या काळचे मोठे वजन) सोने आणि आठशे किक्कार चांदी घेतल्याचे तो नोंदवतो. दुसऱ्या राजांच्या अठराव्या अध्यायात सोने तीसच किक्कार आहे, चांदी तीनशे. आणि ती भरताना मंदिराच्या दारांवरचे सोने राजाने स्वतः ओरबाडून काढले, हा अपमानही तिथे लपवलेला नाही. लाखीश नगराच्या वेढ्याची चित्रे सन्हेरीबाने आपल्या निनवेच्या राजवाड्यात भिंतभर कोरून घेतली. आता ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत: मातीचा चढ, त्यावरून वर सरकणारी भिंत फोडण्याची यंत्रे, वेशीतून गाठोडी घेऊन बाहेर पडणाऱ्या बायका आणि मुले. तो मातीचा चढ लाखीशला उत्खननात सापडलेला आहे. आता पाहा, सन्हेरीब यरुशलेम घेतले असे मात्र कुठेच म्हणत नाही. पाखरू पिंजऱ्यात कोंडले, पण हाती आले का? तिथे तो गप्प आहे. राजांचे पुस्तक म्हणते की परमेश्वराच्या दूताने अश्शूरची छावणी मारली. शहर वाचले एवढे इतिहासकार सांगू शकतो. ते कोणी वाचवले हे सांगणे विश्वासाचे काम आहे, आणि उत्खननातल्या खोऱ्याने तिथपर्यंत खणता येत नाही.

मुलाला उत्तर देताना माझा हा फरक उपयोगी पडतो असे दिसते. पुरावा आहे तिथे तो दाखवावा, नाही तिथे नसल्याचे सांगावे, आणि पुरावा मिळाला म्हणजे देव सिद्ध झाला असा आव आणू नये. नववीतल्या मुलाला आपण आज "सगळे सिद्ध झाले आहे" असे सांगून गप्प केले, तर अकरावीत मोबाईलवर त्याला उलट बाजू वाचायला मिळेल आणि मग तो आपले खरे असलेलेही खोटे धरील. माझ्या एका विद्यार्थ्याचे असे झाले होते. तो परत आला, पण मधली पाच वर्षे फुकट गेली असे तो स्वतःच म्हणतो. अर्थात आपल्या मंडळीत शास्त्राविषयी कोणती भूमिका शिकवली जाते आणि पाळक किती मोकळे आहेत, यावर आपल्याला कितपत बोलता येईल हे ठरेल. पाळकांशी आधी बोलून घ्या. वर्गात त्यांना अनपेक्षित धक्का देण्यात शहाणपण नाही.

एक मोठी पोकळी राहते, ती मलाखी आणि मत्तय यांच्यामधली. पान उलटायला एक क्षण लागतो, पण मध्ये चारशेहून अधिक वर्षे आहेत. जुना करार मिटताना पारसी राज्य आहे, नवा उघडताना रोमी. परूशी आणि सदूकी हे यहूदी पंथ, सभास्थाने, जकातदार, यांतले काहीही जुन्या करारात भेटत नाही आणि नव्यात पहिल्या पानांपासून असे वावरते की जणू आपली जुनी ओळख आहे. अलेक्झांडर इ.स.पू. ३३२ मध्ये त्या भागात आला आणि ग्रीक भाषा रुजली. नवा करार ग्रीकमध्ये का, याचे उत्तर तिथे आहे. इ.स.पू. १६७ मध्ये सिरियाचा ग्रीक राजा अंतियोख चौथा याने मंदिर विटाळले, मक्काबी या यहूदी याजक घराण्यातल्या बंधूंनी बंड केले आणि १६४ मध्ये मंदिर शुद्ध केले. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू हिवाळ्यात यरुशलेमच्या मंदिरात फिरत असतो, तो सण याच शुद्धीच्या आठवणीचा आहे. इ.स.पू. ६३ मध्ये रोमी सेनापती पाँपे यरुशलेमात शिरला. आपल्याकडे कॅथलिक पवित्र शास्त्र असेल तर मक्काबींची दोन पुस्तके त्यातच मिळतील. प्रॉटेस्टंट आवृत्तीच्या सहासष्ट पुस्तकांत ती नाहीत. विश्वासाचा आधार म्हणून ती घ्यायची की नाही हा आपापल्या परंपरेचा प्रश्न आहे, पण इतिहास म्हणून पहिले मक्काबी कोणीही वाचावे.

ही पोकळी भरली नाही तर काय चुकते, याचे एकच उदाहरण देते. योहानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी स्त्री विहिरीवर येशूला म्हणते की आमच्या पूर्वजांनी या डोंगरावर उपासना केली. संडे स्कूलच्या बहुतेक पाठांत हा डोंगर नुसता देखाव्याचा असतो. तो गरिज्जीम आहे. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने उत्तरेचे राज्य बुडवले, लोक नेले, परके आणून वसवले. यरुशलेमकरांच्या लेखी शोमरोनी ते या भेसळीतून झालेले. शोमरोनी स्वतःला खऱ्या इस्राएलचे वारस मानत आणि आजही मानतात. त्यांचे मंदिर या डोंगरावर होते, आणि ते पाडले कोणी, तर यरुशलेमच्याच यहूदी राज्यकर्त्याने, योहान हिर्कानाने, येशूच्या जन्माच्या शंभरेक वर्षे आधी. म्हणजे ती बाई बोलते तेव्हा वर डोंगरावर त्या मंदिराचे भग्नावशेष आहेत, आणि समोर पाणी मागणारा पुरुष पाडणाऱ्यांच्या जातीचा आहे. हे कळल्यावर "या डोंगरावर नव्हे आणि यरुशलेमातही नव्हे" हे येशूचे वाक्य मुलांना कसे ऐकू येते, ते आपणच पाहाल.

इथे एक सावधगिरी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ही पार्श्वभूमी ख्रिस्ती विश्वासाची असली तरी ती केवळ आपल्यासाठी अंथरलेली सतरंजी नाही. यहूदी लोक हीच पुस्तके वाचतात, वेगळ्या क्रमाने. त्यांच्याकडे शेवटी इतिहासाचे पुस्तक येते आणि ते कोरेशाच्या परवानगीवर संपते: ज्याला जायचे त्याने वर यरुशलेमेला जावे. आपल्याकडे शेवटी मलाखी येतो आणि एलीयाची वाट पाहत थांबतो. पुस्तके तीच, पण एकाचे तोंड घराकडे आणि एकाचे येणाऱ्याकडे. आपल्या कोकणात शतकानुशतके मराठी बोलत आलेले बेने इस्राएल यहूदी, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हणत, ते आजही मलिदा करून एलीया संदेष्ट्याचे नाव घेतात. वर्गात "परूशी" हा शब्द शिवीसारखा वापरला गेला की मी त्यांची आठवण करून देते. जुन्या कराराचा आपल्याशी संबंध नाही, असे म्हणणारा मार्कियन नावाचा शिक्षक दुसऱ्या शतकात रोममध्ये होऊन गेला. मंडळीने त्याला इ.स. १४४ मध्ये बाहेर काढले. पौलाने रोमकरांस लिहिताना अकराव्या अध्यायात रानटी जैतुनाच्या फांदीचे कलम बागेतल्या झाडावर बसवल्याचा दाखला दिला आहे. हापूसचे कलम रायवळावर बांधणारा कोकणातला बागाईतदार हसेल, कारण तो नेमके उलटे करतो. पण हे नैसर्गिक रीतीच्या उलट आहे, असे पौल तिथेच स्वतः म्हणतो, आणि मुळाने फांदीला धरले आहे, फांदीने मुळाला नव्हे, हेही. आजच्या इस्राएल राष्ट्राच्या राजकारणाशी मात्र हा धडा जोडू नका. ते राष्ट्र १९४८ चे आहे आणि त्याचे प्रश्न वेगळे आहेत.

परक्या देशाचा इतिहास मराठी माणसाला कशाला, हा प्रश्नही आपल्या विद्यार्थ्याच्या आधी इथे कोणाला तरी पडलेला होता. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापले, तेव्हा त्यांनी येशूच्या जन्मापासून सुरुवात केली नाही. पहिले पुराण सबंध जुन्या करारातल्या कथेला दिले आणि मगच दुसरे येशूचरित्राला. पुराण ऐकणाऱ्या श्रोत्यांना नायकाचा वंश आणि मागची कथा लागते, हे त्या इंग्रज पाद्रीबाबांना कळले होते.

आता प्रत्यक्ष वाचनाचे. रोज अर्धा तास मिळत असेल तर हे दोन महिन्यांत होते. रविवारच्या तयारीतूनच वेळ काढायचा असेल तर सहा महिने धरा. पहिल्या दिवशी मत्तय पहिला अध्याय, कंटाळा आला तरी मोठ्याने. मग दुसरे राजे, सतरापासून पंचविसापर्यंत, आणि लगेच विलापगीताचा पहिला अध्याय आणि एकशे सदतिसावे स्तोत्र, म्हणजे जळलेल्या शहराचा धूर नाकात जातो. तिथून मागे जाऊन दुसरे शमुवेल सात, उत्पत्ती बारा ते पंधरा, आणि निर्गम पहिल्यापासून चोविसाव्यापर्यंत. मग पुढे: यशया चाळीस ते पंचावन्न, एज्रा पहिले सहा अध्याय, हाग्गय, नहेम्या. दानीएलाचा सातवा अध्याय मक्काबींच्या पहिल्या चार अध्यायांबरोबर. आणि शेवटी लूक पहिले चार. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाचा पट उघडून वाचतो, ते दृश्य तोवर आपल्या ओळखीच्या घरात घडल्यासारखे वाटू लागेल. नकाशा सोबत ठेवा. दान ते बैरशेबा हे अंतर, म्हणजे त्या देशाची सबंध उत्तर-दक्षिण लांबी, आपल्या पुणे-कोल्हापूर एवढेच भरते, हे सांगितल्यावर मुलांच्या डोळ्यांसमोरचा तो देश एकदम आवाक्यात येतो.

लेवीय सध्या बाजूला राहू द्या. हे सगळे झाल्यावर फक्त सोळावा अध्याय काढा, आणि शेजारी इब्री लोकांस पत्राचा नववा अध्याय उघडा ठेवा. पडदा, रक्त, वर्षातून एकदाच आत जाणारा महायाजक, बाहेर श्वास रोखून थांबलेले लोक. मंदिर जळल्यावर त्या लोकांनी काय गमावले होते, हे तोवर आपल्याला माहीत झालेले असेल, त्यामुळे चौथ्यांदा तिथे अडकायला होणार नाही.